चार नंबरच्या कोर्टावर कोण बोललं

इथे मुलांच्या टेनिसमध्ये अंपायर नसतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शार्दूलला म्हटलं, "वेडेबिडे आहेत का रे हे लोक?" म्हणजे बघा, बॉल आपल्या बाजूला पडला की तो रेषेच्या आत पडला की बाहेर, हे आपणच ठरवायचं. बाहेर असेल तर "आउट" म्हणून ओरडायचं, आत असेल तर गुमान खेळत राहायचं. समोरच्या पोरीने ते मान्य करायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आमच्या नागपुरात गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅटिंगवाल्यांचा अंपायर असला की हमखास डोकी फुटायची. शार्दूल म्हणाला, "ऑनर सिस्टिम आहे गं. मुलांवर विश्वास ठेवतात." शार्दूल माझा नवरा. त्याचा सगळ्या जगावर विश्वास असतो, त्यामुळे घरातली भांडणं मला एकटीला करावी लागतात.

आम्ही मॉरिसव्हिलला राहतो. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी एकच, नेत्रा, पंधरा वर्षांची. ती टेनिस खेळते म्हणजे आम्ही तिघंही खेळतो. शनिवार-रविवार कुठल्यातरी गावी, गाडीत थर्मास, डब्यात पराठे, मागच्या सीटवर तिची ती भलीमोठी बॅग. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट मात्र नीट कळली. इथे पोरींचं रँकिंग वरखाली होतं, ते चालतं. नाव गेलं की संपलं. एकदा का एखादीला "चीटर" म्हटलं की तिच्याशी कोणी प्रॅक्टिस करत नाही, कोच गोड हसून दुसरीकडे बघतात, आणि पोरगी गेटमधून आत आली की बाकीच्या पोरी एकमेकींना कोपराने ढोसतात.

माझी मैत्रीण गिरिजा, तिच्या अनयाचं हेच झालं. मागच्या वर्षी लाँगलीफ क्लबमध्ये, चार नंबरच्या कोर्टावर. समोर शार्लट शहरातली एक ब्लॅक मुलगी होती. अनया जिंकली, पण समोरच्या मुलीचे सरळ सरळ आत पडलेले बॉल तिने आउट दिले असं सगळे म्हणाले. अनया रडून रडून सांगत होती, "आय डिडन्ट से इट." कोण ऐकतंय? आता ती टेनिस खेळत नाही. खेळत नाही ते सोडा, बोलतही नाही फारशी. जेवायला बसली तरी मान हलवून हो-नाही सांगते. गिरिजा मला म्हणाली, "आसावरी, माझ्या पोरीला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटते गं."

मी तेव्हा मनात म्हटलं, केली असेल चीटिंग, दुसरं काय. पोरं दबावाखाली करतात. मला वाटलं होतं ते असं, उगाच कशाला लपवू.

आता मिस अर्नेस्टीनबद्दल सांगायला हवं. आमच्या घरापासून जवळच्या एका जुन्या वस्तीत चर्चच्या मागे तीन पब्लिक कोर्टं आहेत. तिथे गर्दी नसते म्हणून नेत्रा सर्व्हिसची प्रॅक्टिस करायला जायची. एके दिवशी एक म्हातारी बाई घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन आली, कुंपणाशी बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पोरी, तू बॉल वर फेकतेस की त्याच्यावर उपकार करतेस?" तिथून सुरुवात. चौऱ्याऐंशी वर्षांची ब्लॅक बाई, पाठ ताठ, नखांना लाल रंग, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. मला ती लगेच आवडली आणि लगेच तिचा रागही आला.

अर्नेस्टीन टॉलिव्हर हे नाव इथल्या टेनिसवाल्या जुन्या लोकांना माहीत आहे. राज्याच्या मुलींच्या स्पर्धेत गोऱ्यांच्या क्लबवर पाय ठेवणारी ती पहिली ब्लॅक मुलगी. एकोणीसशे अठ्ठावन्न, तिचं वय सतरा. लाँगलीफ क्लबमध्येच. कपडे बदलायच्या खोलीत तिला जाऊ दिलं नाही, म्हणून वडिलांच्या गाडीत चादरी धरून तिने स्कर्ट घातला. नळाला हात लावू दिला नाही, म्हणून पाणी घरून आणलं. आणि एवढं करून पोरगी फायनलला पोचली. पुढे दुसऱ्या राज्यांत जिंकली, तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं, आणि चर्चमागच्या त्या कोर्टांचं कुलूपही तिनेच भांडून भांडून काढायला लावलं. नेत्राला हे सगळं पाठ होतं. इतिहासाच्या पेपरला मात्र काही पाठ नसायचं.

पण माझं भांडण वेगळंच होतं. मिस अर्नेस्टीनने नेत्राला एक नियम शिकवला. समोरच्याचा बॉल रेषेबाहेर दोन बोटं पडला तरी तो आत समजायचा. म्हणजे आउट असलेलाही इन! नेत्रा स्पर्धांमध्ये तसं करायला लागली. एका मॅचमध्ये तिने अशा तीन-चार पॉइंटवर पाणी सोडलं आणि हरली. मी गाडीत तिला फाडून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी तडक म्हातारीकडे गेले.

"तुम्ही माझ्या मुलीला राजा हरिश्चंद्र करायला निघालायत का?" असं इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला येईना, म्हणून म्हटलं, "मॅम, तुम्ही तिला हरायला शिकवताय."

तिने छत्री जरा मागे केली. मग म्हणाली, "आमच्या कोचने आम्हाला हे शिकवलं होतं. आम्ही एक केसभर बाहेरचा बॉल आउट दिला असता ना, तर ते म्हणाले असते, बघा, हे लोक खोटारडे. आणि आम्हाला घरी पाठवलं असतं. म्हणून दोन बोटं सोडायची. कोणाला बोट ठेवायला जागाच द्यायची नाही."

"ते तेव्हाचं झालं. आता काळ बदललाय."

"हो? छान." ती हसली. "बदललेला काळ मला दाखव एकदा, मी चष्मा घेऊन येते."

मग तिने मला फायनलची गोष्ट सांगितली. शेवटचा पॉइंट. तेव्हा फायनलला रेषेपाशी एक लाइनमन बसायचा, बॉल आत की बाहेर ते तो सांगायचा. तिने मारलेला बॉल लांबच्या कोपऱ्यात पडला, रेषेला चिकटून. तिथली कोर्टं हिरवट करड्या मातीची, बॉल पडला की मातीत डाग उठतो. डाग अर्धा रेषेवर होता, म्हणजे बॉल आतच, आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि आवाज आला, "आउट!" तिने नुसतं बोट दाखवलं. तेवढ्यात एक पांढरा बूट आला आणि डाग पुसून गेला.

"कोणाचा बूट?" मी विचारलं.

"बूटच आठवतो. वर कोण आहे ते बघायची हिंमत झाली नाही मला." ती लाल नखाने छत्रीची मूठ खरवडायला लागली. "आता साठ-सत्तर वर्षांनी त्या क्लबचा फोन आला. त्या कोर्टाला माझं नाव द्यायचंय म्हणे. मी त्या गोड आवाजाच्या मुलीला विचारलं, बाळ, तुम्ही त्या कोर्टाला विचारलंत का?"

मी हसले. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, असं म्हणून सोडून दिलं.

सप्टेंबरात लाँगलीफ क्लबमध्येच राज्याची स्पर्धा होती. नेत्रा फायनलला पोचली आणि मॅच लागली चार नंबरच्या कोर्टावर, कारण त्याच सकाळी त्या कोर्टाला मिस अर्नेस्टीनचं नाव देणार होते, आणि तिच्यासमोर फायनल व्हावी अशी क्लबची इच्छा होती. समोर डरहॅमची ब्रिएल नावाची मुलगी. सोळा वर्षांची, उंच, ब्लॅक.

गिरिजाचा फोन आला. "त्या कोर्टावर खेळवू नकोस गं. दुसरं मागून घे." मी म्हटलं, "फायनल आहे, बाई, लग्नाचा हॉल नाही दुसरा मागायला." पण अनया डोळ्यांसमोर आलीच, खोटं कशाला बोलू. म्हणून निघायच्या आधी मी नेत्राची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळल्या आणि तव्यावर टाकल्या. घराघरात माहीत असलेली गोष्ट आहे, मिरच्यांचा ठसका लागला तर काळजी नाही. धूर एवढा झाला की छताचा अलार्म कोकलायला लागला, शार्दूल खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होता, पण कोणालाही ठसका लागला नाही. वासच नाही मिरचीला. मी नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं बाई, मग मोठी दृष्ट आहे," आई म्हणाली. "आणि बाहेरच्याचीच असेल असं नको धरून चालूस. लेकराला आईची दृष्ट सगळ्यात आधी लागते."

"काहीतरीच तुझं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

क्लबमध्ये कार्यक्रम छान झाला. पितळी पाटीवरचं कापड काढलं, टाळ्या झाल्या, मिस अर्नेस्टीन पिवळ्या हॅटमध्ये पहिल्या रांगेत बसली. बोला म्हणाले तर उभी राहून "थँक यू, आता मुलींना खेळू द्या" एवढंच म्हणाली. ऊन रखरखीत होतं. पाइनच्या झाडांवर किडे एकसुरी किरकिर करत होते. आम्ही बेसलाइनच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो, मी, शार्दूल आणि शेवटी न राहवून आलेली गिरिजा. ब्रिएलने पहिली सर्व्हिस मारली, नेत्रा जागची हललीसुद्धा नाही.

"हे लोक मुळातच दणकट असतात गं," गिरिजा म्हणाली. "आपल्या पोरींनी कितीही दूध-तूप खाल्लं तरी..."

मी मान डोलावली. ब्रिएल रोज पहाटे उठून किती सर्व्हिस मारत असेल हा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही.

पहिला सेट बराच वेळ सरळ चालला. मग काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. माझं लक्ष गेलं तर किडे गप्प झाले होते. सगळे एकदम, नळ बंद करावा तसे. आणि मग बॉलचा आवाज गेला. पोरी मारत होत्या, रॅकेट फिरत होती, बॉल जात-येत होता, पण ठक नाही की ठुक नाही. मी शार्दूलकडे बघितलं. त्यानेही कानात बोट घालून हलवलं.

ब्रिएलने बॉल मारला. तो नेत्राच्या बाजूला, आतल्या रेषेवर पडला. मातीत डाग उठलेला मला वरून दिसला.

"आउट!"

स्पष्ट. खणखणीत. कसा होता आवाज, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. ओळखीचा होता. शेजारच्या खोलीतून घरच्याच कुणीतरी हाक मारावी तसा. एवढंच सांगता येतं मला.

नेत्राचं तोंड बंद होतं. ती वळून मागे बघत होती. मग तिने हात वर केला. "मी नाही म्हणाले. बॉल आत होता. तुझा पॉइंट." ब्रिएलने खांदे उडवले आणि सर्व्हिसला गेली.

आता खरं सांगते. मला काय वाटलं? भीती वाटली, हो. पण त्याच्याही आधी वाटलं, अगं वेडे, आला होता ना पॉइंट, घ्यायचा ना! हे वाटून झालं आणि मग अंगावर काटा आला.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. बॉल रेषेवर, "आउट!" पुन्हा नेत्राने हात वर केला, पुन्हा पॉइंट दिला. पण आता ब्रिएलचे वडील कुंपणाशी उभे राहिले होते, हाताची घडी घालून. ब्रिएल नेत्राला म्हणाली, "आधी ओरडायचं आणि मग मोठेपणा दाखवायचा, हे काय नाटक?" फिरता ऑफिशियल आला. इथे एक माणूस सगळ्या कोर्टांवर फिरत असतो, कटकट झाली तर थांबतो. "कोण बोललं?" त्याने विचारलं. नेत्राने रॅकेट खाली टेकवली. "आय डोन्ट नो," ती म्हणाली. "पण मी नाही." आणि माझ्या शेजारी गिरिजाने तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबली, कारण हेच शब्द तिने मागच्या वर्षी ऐकले होते.

हरणं-जिंकणं जाऊ दे चुलीत. माझी पोरगी इथून खोटारडी ठरून बाहेर पडणार, अनयासारखी जेवणाच्या ताटावर मान हलवत बसणार, हे मला समोर दिसायला लागलं.

"मॅच थांबवू या," मी शार्दूलला म्हटलं.

"ती बरोबर करतेय, आसावरी. करू दे."

"काय बरोबर? ती एकामागून एक पॉइंट वाटतेय! दानधर्मच मांडलाय नुसता!"

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा शार्दूलने चमकून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "काही नाही." आणि परत कोर्टाकडे बघायला लागला.

त्या वेळी नेत्रा रॅकेटने डागाकडे दाखवत होती. ब्रिएलला म्हणत होती, ये, तूच बघ. ब्रिएल जाळीपाशी येते तोवर तो डाग आमच्या डोळ्यांदेखत पुसला गेला. हळूच, उजवीकडून डावीकडे, बुटाच्या तळव्याने पुसावा तसा. वारा नव्हता. नेत्रा डागापासून हातभर लांब उभी होती. पहिल्या रांगेत मिस अर्नेस्टीन उठून उभी राहिली. हॅट काढून तिने छातीशी धरली होती आणि ती त्या जागेकडे बघत नव्हती, वर बघत होती, जिथे त्या बुटातल्या माणसाचा चेहरा असायला हवा तिथे. मी तिला एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

ब्रिएलनेही ते बघितलं होतं. ती दोन पावलं मागे सरकली. दोघी पोरी जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींकडे बघत होत्या. काहीतरी बोलल्या, आम्हाला ऐकू आलं नाही. मग ब्रिएलने मान डोलावली आणि नेत्राने मनगटातला घामाचा पट्टा काढून दातांत धरला. घट्ट. तिथून पुढे ती एक शब्दही बोलली नाही. टेनिसमध्ये बॉल आत असला की दोन्ही तळवे जमिनीकडे करून दाखवतात. ती तसं दाखवायला लागली. रेषेवर पडला, तळवे खाली. दोन बोटं बाहेर पडला, तरी तळवे खाली. आवाज येत होता, "आउट!", "आउट!", आणि पोरगी दातांत पट्टा धरून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हातांनी सांगत होती, आत आहे, आत आहे. आता कोणी म्हणू शकत नव्हतं की ती बोलली.

आणि काय सांगू, एवढं वाटूनसुद्धा ती जिंकायला लागली. एक सेट गेला होता, दुसरा तिने घेतला. तिसऱ्यात पुढे गेली. मी आयुष्यात माझ्या मुलीला असं खेळताना बघितलं नव्हतं. मॅच पॉइंट आला. फक्त एक. राज्याची फायनल, एवढा सगळा अन्याय सोसून, भुताटकी सोसून. मी उभी राहिले. देवा, एक दे, एकच दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या पोरीला दे. तिचा हक्क आहे. त्या दुसरीला काय, तिला पुढे शंभर मिळतील.

ब्रिएलने बॉल मारला. तो उंचावरून आला, नेत्राच्या डोक्यावरून गेला आणि लांबच्या कोपऱ्यात पडला. आमच्या अगदी समोर. अर्धा रेषेवर, अर्धा बाहेर. नेत्रा धावली, पोचली नाही. वळली, डाग बघितला, आणि दोन्ही तळवे खाली केले.

"आउट!"

या वेळी तो कोर्टावरून आला नाही. सगळ्यांनी एकदम मान वर करून पायऱ्यांकडे बघितलं. ऑफिशियलने, ब्रिएलच्या वडिलांनी, शार्दूलने, पिवळी हॅट हातात धरलेल्या मिस अर्नेस्टीनने. सगळे माझ्याकडे बघत होते. मी विचार केला, हे माझ्याकडे काय बघतायत? मग मला कळलं की माझं तोंड उघडं आहे, आणि घसा जोरात ओरडल्यावर खरवडतो तसा खरवडतोय.

ऑफिशियल पायऱ्यांपाशी आला. फार सभ्य माणूस. "मॅम, प्रेक्षकांनी कॉल द्यायचा नसतो. तुम्हाला कोर्टापासून लांब जावं लागेल." गिरिजाने माझा हात सोडला तेव्हा मला कळलं की तिने तो धरला होता. मी पायऱ्या उतरले आणि पार्किंगकडे चालायला लागले. गाडीपाशी पोचते न पोचते तोच मागून बॉलचा आवाज ऐकू आला. ठक. ठक. झाडांवरचे किडे पुन्हा किरकिरायला लागले.

नेत्रा हरली. मला ते टाळ्यांवरून कळलं. बराच वेळ टाळ्या वाजत होत्या, दोघींसाठी. माझ्या पोरीचं नाव राहिलं होतं, तिने स्वतः दातांत धरून ठेवलं होतं ते. मी गाडीला टेकून रडले.

मिस अर्नेस्टीन काठी टेकत माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता माझी चांगली सालटी काढणार. ती शेजारी गाडीला टेकून उभी राहिली.

"तो लाइनमन," ती म्हणाली. "माझ्या फायनलचा. त्याला मी जन्मभर शिव्या घातल्या. मरायच्या आधी तो माझ्या दारात आला होता, हॅट हातात धरून. म्हणाला, अर्नेस्टीन, मी तोंड उघडलं नव्हतं, देवाशपथ. आवाज माझ्या मागच्या खुर्च्यांतून आला. मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. खोटारडा म्हातारा म्हटलं."

"मागे कोण बसलं होतं?" मी विचारलं.

"बायकाच होत्या बहुतेक. समोरच्या मुलीची आई, तिच्या मावश्या, शेजारणी. चांगल्या बायका. घरून लिंबू सरबत करून आणलं होतं. मॅच संपल्यावर मलाही एक ग्लास दिला." तिने हॅट परत डोक्यावर ठेवली. "त्यांना कधी कळलंच नसेल, असं वाटतं मला."

तिने माझ्या दंडावर थोपटलं आणि गेली. मला ते थोपटणं शिवीपेक्षा लागलं.

नेत्रा आली. गेटपर्यंत ब्रिएल तिच्याबरोबर होती, दोघींनी एकमेकींना मिठी मारली. शार्दूल बॅग घेऊन मागे कुणाशीतरी बोलत होता. नेत्रा नेहमी माझ्या शेजारी बसते, आज मागे बसली. तिच्या ओठांच्या कडेला पट्ट्याच्या शिवणीचे वळ उठले होते. मी स्टिअरिंगवर हात ठेवून आरशातून तिच्याकडे बघितलं.

"नेत्रा," मी म्हटलं, "तो शेवटचा... ते मला कसं झालं कळलं नाही, बेटा. त्या कोर्टात काहीतरी आहे. पण आधीचे सगळे, पहिल्या सेटपासूनचे... ते कोणाचे होते गं? तुला जवळून ऐकू आले असतील. म्हातारा होता का कोणी?"

"आई, प्लीज. लेट्स गो."

"सांग ना."

तिने आरशात माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दमलेल्या माणसाने बघावं तसं.

"इट वॉज यू, आई. फ्रॉम द फर्स्ट वन. मी दर वेळी वळून तुलाच बघत होते."

मी नव्हते गं, असं म्हणायला मी श्वास घेतला. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तोंड उघडल्यावर कोणता शब्द बाहेर पडेल याची मला खात्री वाटेना. म्हणून मी ओठ मिटूनच ठेवले, शार्दूल येऊन बसल्यावर गाडी सुरू केली, आणि घर येईपर्यंत, आयुष्यात पहिल्यांदा, एक अक्षरही बोलले नाही.